घोडा दाबण्याआधी

(पुण्यातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समुद्र इथून शंभरावर किलोमीटर लांब. मग भाल्याच्या मासेमारीवर, म्हणजे दम रोखून बुडी मारून भाल्याने मासा टिपण्यावर, पुण्यात कशाला बोलायचं? कारण हिवाळा लागला की तारकर्लीला, मालवणला, अंदमानला बुड्या मारायला निघणाऱ्यांत पुणेकर पुष्कळ असतात. दम रोखायचा सराव इथल्याच पोहण्याच्या तलावांत होतो. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडणं, शिकून झालं की काहींना स्पिअरगन, म्हणजे भाला फेकणारी बंदूक, खुणावते, आणि मग आपल्याकडे स्पर्धा घ्यायला काय हरकत आहे, असा प्रश्न निघतो. हरकत नेमकी कुठे आहे, ते आज पाहू.

आधी हत्यार. स्पिअरगनमध्ये दारू नसते. लांब नळी, मागे मूठ आणि घोडा, वर साधारण साडेसहा-सात मिलिमीटर जाडीचा पोलादी बाण आणि तो फेकणारे ताणलेले रबर, एवढंच. बाणाच्या टोकाशी फ्लॉपर नावाची एक पाकळी असते. बाण आरपार गेला की ती पलीकडे उघडते आणि मासा निसटत नाही. बाण दोरीने बंदुकीला बांधलेला. मारा जेमतेम तीन-चार मीटरचा. म्हणजे मासा डोळ्यांनी नीट दिसल्याशिवाय बाण सुटायचं कारणच नाही.

या मासेमारीची सगळी नैतिक बाजू याच एका गोष्टीवर उभी आहे. जाळं येईल ते घेतं. गरवणाऱ्याला गरीला कोण लागणार हे आधी माहीत नसतं, पण लागलेलं पिल्लू तो सोडू शकतो. भालेवाल्याचं याच्या नेमकं उलट: त्याला आधी सगळं दिसतं आणि नंतर काहीच परत घेता येत नाही. भोक पडलेला मासा सोडणं म्हणजे त्याला हळूहळू मारणं. त्यामुळे जात कोणती, लांबी किती, पोटात गाभोळी असेल का, बाण नीट बसेल का, हे सगळे निर्णय घोडा दाबण्याआधीचे. निवड करता येते हा भाल्याचा एकमेव गुण. निवड काढून घेतली, तर त्याच्या बाजूने बोलायला काही उरत नाही.

निवड चुकते कुठे? पहिली चूक डोळ्यांची. मास्कमधून पाहताना पाणी आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश वळतो, त्यामुळे वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. चाळीस सेंटिमीटरची वाटणारी तांबोशी प्रत्यक्षात तीसच असते. वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं; म्हणून किलोभराचा समजून मारलेला मासा तराजूवर जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम भरतो. उपाय साधा आहे. बाणावर किंवा बंदुकीच्या नळीवर किमान लांबीची खूण रंगवायची. माशाजवळ धरलेली खूणही तितकीच मोठी दिसते, म्हणून तुलना खरी ठरते. अंदाजाने डावे-उजवे असेल, तर मासा जाऊ द्यायचा.

दुसरी चूक नेमाची. बाण डोक्यामागे, कण्याच्या रेषेवर बसला तर मासा जागीच गार होतो. पोटात बसला तर मांस फाटतं, मासा बाणातून सुटून कपारीत शिरतो आणि तिथे मरतो. तो कुणाच्या ताटात येत नाही, कुणाच्या हिशेबातही नाही. समोरून तोंड करून आलेल्या किंवा पाठ फिरवून निघालेल्या माशावर म्हणूनच बाण सोडायचा नाही. आडवा होईपर्यंत थांबायचं. हाती आलेला मासा जिवंत असेल तर कल्ल्यात बोटं घालून घट्ट धरायचा आणि डोळ्याच्या किंचित मागे, वरच्या अंगाला सुरीचं टोक खुपसून मेंदू नष्ट करायचा. नीट बसलं की पंख ताठ होतात, अंगातून एक थरथर जाते आणि मासा सैल पडतो. कमरेच्या तारेत जिवंत मासा ओवून पुढच्या शिकारीला लागणं हे क्रौर्यच आहे, आणि घाईत असलेल्या स्पर्धकाकडून ते हमखास होतं.

आता स्पर्धा. भाल्याच्या मासेमारीची पहिली जागतिक स्पर्धा १९५७ साली तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या माली लोशिन्य इथे झाली. १९६५ साली ताहितीत ऑस्ट्रेलियाचे रॉन टेलर जगज्जेते झाले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी व्हॅलेरी टेलर यांनी शिकार सोडून कॅमेरा हाती घेतला. त्याच काळात ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रे नर्स शार्क मारणं मर्दुमकीचं मानलं जाई. दात बाहेर आलेले, दिसायला भयंकर, पण स्वभावाने शांत आणि संथ असा हा मासा. मादीला दोन गर्भाशयं असतात; प्रत्येकात सगळ्यात मोठं पिल्लू बाकीच्यांना खातं, त्यामुळे एका खेपेला जन्मतात दोनच, तीही साधारण दोन वर्षांनी एकदा. ही जात शिकार सोसणार कशी? १९८४ साली तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याने तिला संरक्षण दिलं, तोवर फार उशीर झाला होता.

गोब्र्याची, म्हणजे ग्रूपर माशाची, गोष्टही तशीच. बहुतेक गोबरे मादी म्हणून वाढतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. एका खडकावरचा सगळ्यात थोराड गोबरा मारला, तर बहुधा तिथला नरच गेला. शिवाय तो घर सोडत नाही, धीट असतो, कपारीच्या तोंडाशी उभा राहून पाहत बसतो. फ्लोरिडातला अजस्र गोलायथ ग्रूपर असाच संपत आला आणि १९९० साली अमेरिकेला त्याची मासेमारी बंद करावी लागली.

म्हणून कोणतीही स्पर्धा योग्य की अयोग्य हे तिचं गुणपत्रक वाचून ठरवावं. एकूण वजनावर गुण असतील, तर स्पर्धक तोच थोराड गोबरा शोधणार. नियमच त्याला तसं सांगतो. संख्येची मर्यादा घातली, तर मोठा मासा मिळाल्यावर आधीचा लहान मासा गुपचूप पाण्यात जातो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे 'एका जातीचा एकच मासा' अशी पद्धत आढळते. ती बरी वाटते, पण तिच्यात कुणी न खाणारे, नुसतं खातं उघडायला मारलेले मासे वाढू शकतात. माझ्या मते किमान अटी अशा: खाण्याजोग्या जातींची बंद यादी, प्रत्येक जातीला किमान आणि कमाल अशा दोन्ही लांबी, मारलेला प्रत्येक मासा मोजणं सक्तीचं, आखूड मासा आणल्यास मोठा दंड, विणीच्या काळात स्पर्धा नाही. स्कूबाची टाकी वापरून शिकार नाही. जागतिक स्पर्धांतही ती चालत नाही.

लायनफिशचं उदाहरण इथे नेहमी पुढे केलं जातं. तो अटलांटिकमध्ये उपरा आहे, तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो, आणि फ्लोरिडात त्याच्या शिकारीच्या स्पर्धा होतात. तिथे सर्वांत जास्त, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अशी तिन्ही बक्षिसं असतात, कारण हेतूच एकही न सोडण्याचा आहे. त्या स्पर्धांना माझा पाठिंबा आहे. पण हिंदी महासागर हे लायनफिशचं माहेर. इथे तोच युक्तिवाद लागू होत नाही.

स्पर्धकाच्या जिवाचंही बोललं पाहिजे. बुडीआधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि दम लागल्याची जाणीवच उशिरा होते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना तो निम्म्यावर येतो, त्याबरोबर फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही कोसळतो आणि शेवटच्या काही मीटरांत शुद्ध हरपते. एक खाली, एक वर; वर आलेल्यावर अर्धा मिनिट नजर; बुडीच्या किमान दुप्पट वेळ विश्रांती. घड्याळ लावून मासे मोजणारी स्पर्धा नेमकी ही विश्रांतीच खाते. जोडीदाराशिवाय कुणाला पाण्यात उतरू देणारा आयोजक माझ्या दृष्टीने दोषीच.

आपल्याकडचा कायदाही लक्षात ठेवा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. २००१ साली देवमुशी, समुद्री घोडे आणि राक्षसी गोबरा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत घेतलं गेलं. त्या गोब्र्याचं पिल्लू पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं असतं, मोठा मासा राखट ठिपक्यांचा. दोघांत काहीच सारखं नाही, म्हणून दोन्ही रूपं पाठ हवीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांचं पोट त्या पाण्यावर चालतं. पाहुण्याने छंदापायी तिथल्या खडकावरचे मोठे मासे वेचून न्यावेत, हे मला पटत नाही.

आणि ज्यांना नेमबाजीची स्पर्धाच हवी आहे त्यांच्यासाठी एक खेळ आधीच आहे: पाण्याखालची लक्ष्यनेमबाजी. तीच स्पिअरगन, रोखलेला दम, आणि पोहण्याच्या तलावात चार मीटरवर टांगलेलं लक्ष्य. त्याला समुद्रही लागत नाही. पुण्यातला एखादा खोल तलाव आणि तो बाकीच्यांसाठी बंद ठेवायचे दोन तास पुरेत.