तिसऱ्या माणसाचे काम

(मंडळीच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संपादित)

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे चर्च, एकत्र आल्या आणि आपण रोज जिला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) म्हणतो ती उत्तर भारतीय मंडळी उभी राहिली. बोलणी 1929 पासून चालली होती. बिशप असावा की नसावा, बाप्तिस्मा तान्ह्या मुलांना द्यावा की जाणत्यांनाच, असे वाद. त्यांतून वाट काढायला चार दशके लागली. आपल्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन आणि इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेचे एसपीजी अशी दोन मिशने काम करत होती. त्या दोन्ही परंपरा या ऐक्यात आल्या. कागदावर सगळे छान झाले. पण देवळाचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीची निवडणूक जवळ आली की आपल्याच देवळात डावीकडची बाके कुणाची आणि उजवीकडची कुणाची, हे बाहेरच्या पाहुण्यालाही कळते. याला सिनड, म्हणजे सीएनआयची सर्वांत वरची सभा, तरी काय करणार?

याचे उत्तर मला बायबलात, प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सापडते. युवदीया आणि सुंतुखे या दोघी पौलाच्या खांद्याला खांदा लावून सुवार्तेसाठी झटलेल्या. त्यांचे बिनसले होते. कशावरून, ते पौल लिहीत नाही. चूक कुणाची, तेही नाही. एकचित्त व्हा अशी विनंती तो दोघींना वेगवेगळी करतो आणि मग तिसऱ्याच माणसाकडे वळतो : माझ्या खऱ्या सोबत्या, तू या बायांना मदत कर. हा सोबती कोण, हे आजवर कुणाला ठरवता आलेले नाही. मला तर तो तुमच्या-आमच्यापैकीच कुणीतरी वाटतो.

कारण मंडळीतली भांडणे दोघांच्या जोरावर टिकत नाहीत हो. ती टिकतात ऐकून घेणाऱ्यांच्या जोरावर. उपासना सुटली, चपला घालता घालता कुणीतरी दंड धरतो, "पाळकसाहेबांचं कळलं का?" तिथे "काय झालं?" विचारायचे की "तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" विचारायचे, एवढेच आपल्या हातात असते. प्रभू येशूनेही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात हाच क्रम सांगितला आहे. आधी एकांतात त्यालाच सांग. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे. मंडळीपुढे जायचे ते त्यानंतर. आपण थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. "तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी बरोबर येतो," असे म्हणणारा एक जण भेटला, तरी निम्मी प्रकरणे तिथेच मिटतील.

आता कुणी म्हणेल, म्हणजे गप्प बसायचे का? मुळीच नाही. वर्गणीचा हिशेब मागणे म्हणजे फूट पाडणे नव्हे. उलट हिशेब दडपून ऐक्यावर उपदेश करणाऱ्यांची मला जास्त भीती वाटते. प्रश्न कसा विचारायचा, एवढाच आहे. पौलाच्या काळी करिंथ शहरातल्या मंडळीत "मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा" असे तट पडले होते. ती बातमी आपल्याला ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून कळली, असे पौल उघड लिहितो. आपल्याकडे बिशपसाहेबांना जातात ती निनावी पत्रे! नाव घालायचे धैर्य नसेल तर ते पत्र टाकूच नका. सभेत उभे राहा, पावतीपुस्तक मागा, उत्तर मिळाले की खाली बसा.

त्याच करिंथात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र जेवायला, जमल्यावर एक जण भुकेला राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र व्हायचा. त्यावर पौलाची सूचना किती साधी : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. आपल्या कापणीच्या सणाला काय होते? लिलावात भोपळा नाहीतर कोंबडा ईर्षेने चढतो, दोन घराण्यांची बोली लागते, पैसे देवळाला मिळतात म्हणून आपण हसून सोडून देतो. मग जेवणाच्या पंगतीही गटागटाने बसतात आणि लांबच्या वस्तीवरून चालत आलेल्या म्हाताऱ्यांना शेवटी नुसती आमटी उरते.

यंदा पहिली पंगत त्या वस्तीवरच्या लोकांची बसवू या. वाढायला दोन्ही बाजूंच्या बाकांवरची माणसे हवीत, जोडीजोडीने; भाताचे पातेले एकाकडे, आमटीची बादली दुसऱ्याकडे. सेक्रेटरी दारापाशी वही घेऊन बसलेत, जाताना नावे देऊन जा.