बोलीला किती गुण?

[दृश्य : नौपाडा, ठाणे. संध्याकाळ. क्लासचा जिना, चपलांचा ढीग.]

वर आयेल्ट्सचा, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास चालतो. कुणाला कॅनडाला जायचंय, कुणाला ऑस्ट्रेलियाला. शेवटच्या बाकावरची ताई घणसोलीची, नर्स आहे. तिला ब्रिटनला जायचंय. तिथल्या नर्सिंग परिषदेसाठी ही परीक्षा द्यायची तर ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत ७ बँड, म्हणजे गुण, लागतात, लिहिण्यात ६.५.

ही अट मला गैर वाटत नाही. रात्रपाळीला डॉक्टर फोनवर औषधाचं प्रमाण सांगतात. ‘फिफ्टीन’ ऐकलं की ‘फिफ्टी’, यावर पेशंटचा जीव असतो.

पण तिच्या वहीत लाल पेनानं काय खोडलंय, ते बघा. ‘डू वन थिंग’. आपण दिवसातून दहादा ‘एक काम कर’ म्हणतो, तेच इंग्रजीत उतरलंय. त्याखाली ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं. हा शब्द तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे! तरी तिला बजावलं गेलं, “हे देशी इंग्रजी तिकडे चालायचं नाही.” ताईनं मान खाली घातली. ती मान बघून पोटात कालवलं.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार, चारही गोष्टींना सारखंच वजन. उच्चारात बघतात ते ऐकणाऱ्याला कळतंय का. गोऱ्यांसारखा हेल काढायची अट कुठेही नाही. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

भाषेच्या नावाखाली माणसं कशी गाळतात, हे ऑस्ट्रेलियानं दाखवलंय. १९०१ च्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्याला ५० शब्दांचं श्रुतलेखन घालता येई, तेही अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत. १९३४ मध्ये प्रागचा पत्रकार एगॉन किश तिथे पोचला. त्याला कितीतरी भाषा येत होत्या, म्हणून त्याला मुद्दाम स्कॉटलंडची गेलिक घातली. कोर्टात ते टिकलं नाही. श्रुतलेखन मात्र १९५८ पर्यंत चालू राहिलं.

[दृश्य : घणसोली गावठाण. पाठीमागे उंच इमारती.]

ताईला मान खाली घालायला इंग्रजीनं शिकवलं नाही. ती घरी आगरी बोलते. गाडीला ‘गारी’, डोळ्याला ‘डोला’. शाळेत ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हटलं की वर्ग हसायचा, बाई म्हणायच्या, “नीट बोल.” त्या बाई मराठीच होत्या. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, गावांच्या शेतजमिनी गेल्या, त्यांवर आम्ही बाहेरून येऊन राहिलो. आणि नीट बोलायला शिकायचं कुणी, तर गावच्या पोरीनं.

[दृश्य : पुन्हा क्लास. ताईच्या हातात प्रश्नाचं कार्ड.]

‘तुम्ही कुणाला मदत केली, ते सांगा.’ तयारीला १ मिनिट. ताईनं गावच्या एका म्हातारीची गोष्ट निवडली. वॉर्डात कुणालाच सुई टोचू देत नव्हती ती. ताई वाकून म्हणाली होती, “आय, मना सांग.” मग म्हातारीनं हात पुढे केला.

सगळी गोष्ट ताईनं इंग्रजीत सांगितली. ‘मना सांग’ तेवढं तसंच ठेवलं, आणि पुढे त्याचा अर्थ सांगितला.