हामवा द्या एक

नमस्कार मंडळी. आज जर्मन बोलण्याबद्दल, म्हणजे पुस्तकातल्या नाही, तोंडातल्या.

बर्लिनमधला माझा पहिलाच आठवडा, संध्याकाळचे सहा वाजत आलेले, कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो आणि घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, एक रॉगनब्रोट द्या, म्हणजे राय धान्याचा पाव. (हा पाव वजनाला विटेसारखा असतो आणि चहात बुडवला तरी विरघळत नाही, आपल्या लादीपावाची सर त्याला नाही, पण ते असो.) काउंटरवरच्या काकू माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हामवा निश मेर." मला कळलं फक्त हामवा. वाटलं, हलव्यासारखं काहीतरी गोड असणार, रॉगनब्रोट संपलाय म्हणून बिचाऱ्या दुसरं सुचवतायत. मी खुशीत म्हटलं, "बरं, मग एक हामवा द्या." मागची रांग एकदम गप्प. काकूंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, "हाऽबन. वीऽर. निश्त. मेऽर." म्हणजे, आमच्याकडे आता नाहीये!

तर झालं असं. हाबन वीर. परत ऐका, हाबन, हाब्म, हाम. शेवटच्या 'अन'मधला अ गळतो, मग उरतात ब आणि न. ब साठी ओठ मिटलेलेच असतात, ते उघडायचा कंटाळा, म्हणून न चा म होतो आणि ब त्यातच विरून जातो. हाबन, हाब्म, हाम. आणि वीरमधला र तसाही शेवटी आ सारखाच वाजतो, बर्लिनमध्ये अख्ख्या वीरचा सरळ वा होतो. तसंच निश्तचा (नाही) निश, इस्टचा (आहे) इस, हास्ट डूचं (तुझ्याकडे आहे का) हास्टे, गूटन आबंटचं (शुभ संध्याकाळ) नुसतं नाबंट.

लोक याला आळस म्हणतात, मला नाही पटत. आपण तरी 'काय करतो आहेस' कुठे म्हणतो, करतोयसच म्हणतो ना? 1898 साली थिओडोर झीब्स या जर्मन भाषातज्ज्ञांनी जर्मन उच्चारांचे नियम छापले ते नाटकाच्या रंगमंचासाठी, पाव विकणाऱ्यांसाठी नाही. आणि क्लासच्या ऑडिओत लोक अजून रंगमंचावर असल्यासारखेच बोलतात, पैसे मात्र पूर्ण घेतात.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच गेलो. "हाम झे रॉगनब्रोट?" म्हणजे हाबन झी, तुमच्याकडे आहे का. काकूंनी मला ओळखलं, फडताळातून पाव काढला, काउंटरवर धपकन ठेवला आणि हसत म्हणाल्या, "हामवा!"