मे महिन्यात वाहणारं गटार कुणाचं? मुंबईत पालिकेकडे तक्रार करण्याआधी एवढं बघा

नमस्कार मंडळी! मागचा व्हिडिओ ओल्या-सुक्या कचऱ्यावर होता आणि खाली निम्म्या लोकांनी विचारलंय गटाराबद्दल. 'दादा, तीनदा तक्रार केली, माणसं येऊन साफ करून जातात, आठ दिवसांत परत तेच.' कुर्ल्याहून, मालाडहून, धारावीहून, सगळीकडून हाच प्रश्न. म्हणून आज फक्त गटार.

आधीचं भराभर सांगतो, बऱ्याच जणांना माहीत असेल. तक्रार १९१६ या हेल्पलाइन नंबरवर करा, पालिकेच्या ॲपवर करा, नाहीतर सरळ वॉर्ड ऑफिसात जा. वॉर्डाचे प्रमुख सहायक आयुक्त. त्यांच्या हाताखाली कचऱ्याला घनकचरा व्यवस्थापन, झाडांना उद्यान खातं, डासांना कीटकनाशक विभाग. रात्री लाऊडस्पीकरचा त्रास असेल तर पोलिसांना फोन. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. झालं.

आता खरी अडचण. मुंबईत जमिनीखाली दोन वेगळ्या लाइनी आहेत. एक पावसाच्या पाण्याची, ती पर्जन्य जलवाहिनी खात्याकडे. दुसरी संडास-बाथरूमची, म्हणजे मलवाहिनी, ती मलनिःसारण खात्याकडे. आपण दोन्हीला 'गटर' म्हणतो आणि तक्रारीत लिहितो, 'गटर चोकअप झालंय.' इथेच आपली तक्रार भरकटते.

मग ओळखायचं कसं? सोपं आहे. पाऊस नसताना बघा. रस्त्याकडेच्या जाळीच्या गटारात फेब्रुवारीत, मार्चमध्ये, मे महिन्यात पाणी वाहतंय का? पावसाचं गटार उन्हाळ्यात कोरडं पाहिजे. मे महिन्यात ते वाहत असेल, तर ते पाणी कुठल्या तरी घरातून येतंय.

आमचंच सांगतो. आमच्या चाळीसमोरचं गटार बारा महिने काळं. आम्ही तीन वर्षं 'नालेसफाई करा' अशी तक्रार करत होतो. माणसं यायची, गाळ काढायची, जायची. एकदा त्यांच्यातल्याच एका वयस्कर मुकादमांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, 'अरे बाळा, हे पाणी येतं कुठून ते कधी बघितलंस का?' आम्ही दोघं भिंतीच्या कडेने चालत गेलो, तर पाइप आमच्याच चाळीचा! संडास दुरुस्त करताना कुणा प्लंबरने मलवाहिनीपर्यंत खोदायचे कष्ट वाचवले आणि पाइप जवळच्या पावसाळी गटारात सोडून दिला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तीन वर्षं त्या माणसांनी आमची घाण हाताने उपसली होती.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. मलवाहिनीचं पाणी पंपिंग करून सात ठिकाणी नेलं जातं: कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. तिथे त्यावर प्रक्रिया होते. पावसाळी गटाराचं पाणी मात्र सरळ नाल्यात, खाडीत, समुद्रात. मध्ये काहीही नाही. म्हणजे आमच्या चाळीचा संडास थेट मिठी नदीत आणि तिथून माहीमच्या खाडीत जात होता, जिथे कोळी बांधव जाळी टाकतात. त्यांच्या जाळ्यात काय येतं हे त्यांना विचारा एकदा.

आणि तिसऱ्या बाजूने, पावसाळ्यातून बघा. शहर भागातली जुनी गटारं शंभर वर्षांपूर्वीची, ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली. ती वाढवून ताशी ५० करायची असं १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात, म्हणजे मुंबईची पावसाळी गटारं सुधारायच्या आराखड्यात, सांगितलं, पण कामाला खरा जोर आला २६ जुलै २००५ नंतर, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा. मग पावसाचं पाणी समुद्रात उपसून टाकणारी हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं झाली. पण गटार आधीच मैल्याने आणि त्याच्या गाळाने अर्धं भरलेलं असेल, तर पावसाला जागा उरते कुठे?

एक कमेंट वाचतो, आणि याचा मला राग आलाय. 'सगळी घाण झोपडपट्टीवाल्यांची, त्यांना हटवा.' अहो, कितीतरी वस्त्यांमध्ये मलवाहिनी पोचलेलीच नाही. सार्वजनिक शौचालयाचं पाणी नाल्यात जातं कारण तिथे दुसरा रस्ताच नाही. तिथे मागणी करायची ती मलवाहिनीची. आमच्या दारात लाइन होती आणि तरीही आमचा पाइप गटारात होता. दोष द्यायचाच तर आधी कुणाला द्यायचा, सांगा.

पाइप बदलायला खोलीमागे पैसे काढायचे होते. आमच्याकडे कोकणातली कुटुंबं, तळमजल्यावर इडलीचं पीठ विकणाऱ्या तमिळ अक्का, वरती गोरखपूरचे रिक्षावाले, शेजारी उर्दू बोलणारे टेलर चाचा. मराठी नोटीस फळ्यावर महिनाभर लटकली, कुणी वाचली नाही. शेवटी अक्कांनी तमिळमध्ये व्हॉइस नोट केली, चाचांनी त्यांच्या बोलीत, एका रिक्षावाल्या भाऊंनी भोजपुरीत. आठवड्यात पैसे जमले. ज्यांना नोटीस काढायची आहे त्यांनी हे नक्की करा, माणसाला त्याच्या भाषेत सांगा.

तर तक्रार लिहिताना असं लिहा: 'अमुक दुकानासमोर, विजेच्या खांबाचा हा नंबर, पावसाळी गटारात पाऊस नसताना मैलापाणी येत आहे, कुठून जोडणी आहे ते तपासावे.' 'गटर साफ करा' लिहू नका, साफ करून जातील. आणि चेंबरमधून, म्हणजे मलवाहिनीवरच्या झाकणाच्या खड्ड्यातून, पाणी वर येत असेल तर 'मलवाहिनी तुंबली आहे' असं लिहा, ते वेगळ्या खात्याचं काम आहे.

चेंबरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, पाणी तुंबलं तरी नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. आणि पैसे देऊन कुणाला आत उतरवू नका. सुरक्षेची साधनं न देता गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

'तक्रार बंद झाली पण काम झालं नाही' असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. तक्रार केली त्या दिवशीचा फोटो ठेवा, त्याच जागेवरून, त्याच कोनातून दुसरा काढा, जुना नंबर घालून नवी तक्रार करा. तरी नाही झालं तर कागदावर अर्ज लिहून वॉर्ड ऑफिसच्या आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका.

आमचं गटार या मे महिन्यात कोरडं होतं. तुमच्या गल्लीतलं कसं आहे ते पाऊस नसलेल्या दिवशी बघून या आणि एरियाच्या नावासकट खाली लिहा. ओलं असेल तर पाइप कुठून येतोय तेही लिहा.