सावलीतला पारा

[दृश्य: वेधशाळेचं आवार. चार पायांवर उभी एक पांढरी लाकडी पेटी.]

ही पेटी नीट पाहून घ्या. चारही बाजूंना झडपा. दार उत्तरेकडे, म्हणजे उघडलं तरी ऊन आत शिरू नये. ‘आज पारा 44 वर’ असं आपण बातम्यांत ऐकतो, तो पारा इथला. सावलीतला, वारा खेळतो तिथला. आवाराच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर डांबर अंथरणाऱ्या माणसाच्या अंगाची जी लाही लाही होते, तिची नोंद या पेटीत होत नाही.

[दृश्य: राजस्थान. निर्मनुष्य बाजार, ओढलेली शटरं.]

19 मे 2016 ला फलोदीत पारा 51 अंशांवर गेला. देशातला हा उच्चांक अजून टिकून आहे. मध्यंतरी तो मोडल्याची आवई उठली होती. 29 मे 2024 ला दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश दाखवले आणि तो आकडा सगळ्या वाहिन्यांवर नाचत राहिला. तपासणी झाली, तेव्हा उपकरण 3 अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. म्हणजे खरा आकडा पन्नासच्या जवळपासचा. एवढ्या फरकाने मुंगेशपुरात त्या दुपारी कुणाला गार वाटलं असेल, असं नाही.

[दृश्य: भारताचा नकाशा. किनारपट्टी ठळक होते.]

आता नकाशावर खाली या. मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 अंश झाल्याशिवाय हवामान विभाग उष्णतेची लाट म्हणत नाही. डोंगराळ भागात 30 पुरतात, किनाऱ्यावर 37. शिवाय ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेलं असावं लागतं. विदर्भातला माणूस 37 ऐकून हसेल. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे 37 म्हणजे बरा दिवस!

पण शरीराचं गणित वेगळं आहे. घाम आल्याने अंग गार होत नाही, तो सुकल्याने होतं. कोरड्या हवेत घाम झटकन उडतो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. समुद्रालगतची हवा आधीच ओली. तिथे घाम नुसता निथळतो, सुकत नाही, आणि आतली उष्णता आतच राहते. 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानात लाखो लोक भर उन्हात तासन्‌तास बसले होते. पारा 38 च्या आसपास. उष्माघाताने 14 जण गेले.

[दृश्य: रात्र. पत्र्याच्या खोल्या, बाहेर काढलेल्या खाटा.]

दिवसा सोसलेलं रात्री भरून निघतं, हा आपला जुना हिशेब. तोही आता बिघडू लागलाय. जून 2024 मध्ये दिल्लीत एका रात्री तापमान 35.2 च्या खाली आलंच नाही. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर उष्णता ओकत राहतात. पत्र्याखाली झोपणाऱ्याच्या हृदयाला उसंत मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो थकलेलं शरीर घेऊनच कामावर जातो.

[दृश्य: क्षितिजावर धुळीची भिंत.]

याच उकाड्यातून वादळं उठतात. पश्चिमेकडची कोरडी, तापलेली हवा आणि बंगालच्या उपसागरावरून आलेली ओलसर हवा एकमेकींना भिडल्या, की छोटा नागपूरच्या पठारावर ढगांचे मनोरे चढतात आणि बंगालवर कालबैशाखी कोसळते. आपल्याकडचा वळीव तिचाच दूरचा भाऊबंद. वळिवाच्या मातीच्या वासावर आपण फिदा असतो, त्यातल्या विजेला मात्र विसरतो. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, त्यांत शेतात आणि झाडाखाली सापडलेली पुष्कळ. 2 मे 2018 ला धुळीच्या वादळाने राजस्थान आणि उत्तर प्रदेशात शंभरावर बळी घेतले. कितीतरी जण झोपेत होते, घराची भिंत अंगावर आली. आणि 30 एप्रिल 1888 ला मुरादाबादेत गारांनी 246 माणसं मारली. गारपिटीचे जगात एवढे बळी दुसरीकडे कुठे नोंदलेले नाहीत.

वादळाचे बळी मोजता येतात. पडलेली भिंत दिसते.

[दृश्य: अहमदाबाद. दुपार. हातगाडीवर ओलं गोणपाट.]

उन्हाचे बळी असे दिसत नाहीत. दाखल्यावर हृदयविकार लिहिलेला असतो, नाहीतर मूत्रपिंड निकामी. मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 वर गेला होता. पुढे अभ्यासकांनी त्या महिन्यातले शहरातले सगळे मृत्यू काढले आणि आगल्यामागल्या वर्षांच्या मे महिन्याशी ताडून पाहिले. 1,344 मृत्यू जास्त भरले. उन्हाची नोंद ज्यांच्या नावापुढे कुणी केली नव्हती, अशी माणसं वजाबाकीत सापडली. 2013 मध्ये महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातला हा पहिला. इशारा कुणी कुणाला द्यायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, पाणपोया कुठे, हे त्यात ठरवलेलं.

ओडिशाने हा धडा आधीच घेतला होता. 1998 च्या उन्हाळ्यात तिथे दोन हजारांवर माणसं गेली. आता कडक उन्हाच्या दिवसांत सकाळी 11 ते दुपारी 3 उघड्यावर मजुरांकडून काम करून घेऊ नये, असे आदेश तिथलं सरकार काढतं.

[दृश्य: बांधकाम. सावलीत टेकलेले मजूर. रस्त्याच्या पलीकडे तीच हातगाडी.]

बांधकामावर निदान मुकादम आहे, त्याला असा आदेश दाखवता येतो. पलीकडच्या या भाजीवालीला मुकादम नाही. तिची भाजी 11 ते 3 मध्येच कोमेजते, म्हणून ती दर थोड्या वेळाने गोणपाट भिजवते. उरलेलं पाणी डोक्यावरच्या पदरावर शिंपडते आणि गाडी पुढे ढकलते.