गोवराला आत कोण नेतं?

नमस्कार श्रोतेहो. घरात गोवर आला की जुनी माणसं म्हणतात, "बाहेर पडू द्या, आत राहायला नको." पण अंगावर पुरळ उठेपर्यंत विषाणूचं शरीरभर फिरणं उरकलेलं असतं. तेही आपल्याच पांढऱ्या पेशींच्या जिवावर.

गोवर झालेलं मूल खोकलं आणि विषाणू दुसऱ्याच्या श्वासातून आत गेला, तर तो आधी घसा धरत असेल असं वाटतं. तसं नाही. श्वासनळीच्या अस्तरावर त्याला वरून शिरायला वाटच नसते. ती असते फुप्फुसात गस्त घालणाऱ्या पेशींवर, 'स्लॅम' नावाच्या प्रथिनातून. स्लॅम ही विषाणूची वाट आहे हे जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं. परका जंतू सापडला की जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन लिम्फोसाइट पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना दाखवायचा, हे या गस्तवाल्यांचं काम. ते काम त्या चोख करतात आणि तिथेच घात होतो. कारण लिम्फोसाइट पेशींवरही तेच स्लॅम असतं! विषाणू ग्रंथीत फोफावतो आणि या पेशींबरोबर रक्तातून प्लीहा, टॉन्सिल, त्वचा असा सगळीकडे पोचतो.

श्वासनळीत तो शिरतो शेवटी, आणि तोही मागच्या अंगाने. तिथल्या पेशींच्या आतल्या बाजूला 'नेक्टिन-४' हे दुसरं प्रथिन असतं. ते कळायला २०११ साल उजाडलं. तिथून विषाणू थेट खोकल्यात. म्हणूनच पुरळ यायच्या ४ दिवस आधीपासून मूल इतरांना गोवर देऊ शकतं.

आणि पुरळ? ती आपल्या टी-पेशींनी, म्हणजे एका प्रकारच्या लिम्फोसाइटनी, त्वचेतल्या विषाणूवर केलेली चढाई. प्रतिकारशक्ती फार खचलेल्या मुलांत कधीकधी ती उठतच नाही आणि आजार जिवावर बेततो. जुन्या माणसांची धास्ती अगदीच निराधार नव्हती म्हणायची.

या प्रवासात मरतात त्या जुन्या आजारांची आठवण ठेवणाऱ्या पेशी. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांच्यातली इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना ओळखून अडवणारी प्रथिनं, नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर बरा झाला तरी पुढे न्यूमोनिया, जुलाब यांना मूल सहज बळी पडतं. लशीने मात्र अशी पुसापुशी होत नाही.

गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. राहून गेली असेल तर ५ वर्षांपर्यंत देता येते. जाताना लसीकरणाचं कार्ड तेवढं बरोबर न्या.