टिकला नाही, की चुरसच नव्हती? ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ या शब्दाविषयी

सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप

मित्रहो, काही वर्षांपूर्वी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लहानशी फाउंड्री चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे एक पत्र घेऊन आले. पत्र इंग्रजीत होते, जेमतेम चार ओळींचे, आणि त्यातल्या एका शब्दाखाली त्यांनी पेनाने दोनदा रेघ ओढली होती. परगावच्या एका मोठ्या खरेदीदाराने पंपाच्या कास्टिंगसाठी, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून घडवलेल्या भागांसाठी, दर मागवले होते, यांनी ते पाठवले होते, आणि उत्तर आले होते की तुमचा प्रस्ताव ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ आढळला. “सर, आमच्या मालात खोट काय निघाली, ते तरी कळवायचं की नाही?” असे ते म्हणाले. नमुन्याचे कास्टिंग त्यांनी पिशवीतून आणले होते. ते माझ्या टेबलावर वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून, त्याच्या कडेवरून बोट फिरवत, कुठेही छिद्र नाही, कुठेही वाळू धरलेली नाही, हे ते मला दाखवू लागले. पत्रात मालाबद्दल एक अक्षरही नव्हते. शब्दाने सांगितले होते ते एवढेच, की तुमचा दर इतरांच्या दरापुढे टिकला नाही. परंतु त्या शब्दाचा सूर असा होता की एका कसबी माणसाला तो आपल्या कसबावरचा शेरा वाटला. आजचे व्याख्यान त्या शब्दाविषयी आहे, आणि तो मराठीत आणताना आपण काय गमावतो याविषयीही आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘कॉम्पीट’च्या मुळाशी लॅटिन ‘कॉम्’ म्हणजे एकत्र आणि ‘पेतेरे’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे झेपावणे, तिची मागणी करणे, असे दोन भाग आहेत. ‘पिटिशन’ आणि ‘अ‍ॅपेटाइट’ हे शब्दही याच ‘पेतेरे’चे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते आपल्या संस्कृत ‘पत्’ धातूशी, म्हणजे उडणे आणि पडणे या अर्थांच्या धातूशी जोडतात, ज्यापासून पंख आणि पान या दोन्ही अर्थांचा ‘पत्र’ शब्द आला. म्हणजे मूळ कल्पना एकाच गोष्टीकडे अनेकांनी एकदम झेपावण्याची आहे. आपला ‘स्पर्धा’ हा शब्द ज्या ‘स्पर्ध्’ धातूचा, त्याचा अर्थ पाणिनीय धातुपाठात ‘संघर्ष’ असा दिला आहे. एका शब्दात सर्वांची नजर समोरच्या वस्तूवर आहे, तर दुसऱ्यात ती एकमेकांवर आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे जो घोटाळा होतो त्याचे बीज थोडेफार इथेच आहे. राहिला ‘अन’ हा उपसर्ग. तो इंग्रजीचा स्वतःचा, जर्मानिक घरातला आहे, आणि आपल्या ‘अनादर’, ‘अनिच्छा’ यांतल्या ‘अन्’चा तो सख्खा नातेवाईक आहे, दोन्ही एकाच आदिम नकारातून आले. म्हणून ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ ऐकताच ‘अस्पर्धात्मक’ असा प्रतिशब्द आपल्या हाताशी आपोआप येतो, आणि तो इतका सहज येतो की त्याने नेमके काय सांगितले हे विचारायचे राहून जाते.

इंग्रजीत हे विशेषण दोन अगदी वेगळ्या जागी बसते. एक, जो स्पर्धेत उतरला पण टिकला नाही त्याला ते लागते: अनकॉम्पिटिटिव्ह दर, अनकॉम्पिटिटिव्ह कारखाना, अनकॉम्पिटिटिव्ह पगार, म्हणजे ज्या पगारावर चांगला माणूस थांबत नाही तो. दोन, जिथे स्पर्धाच झाली नाही त्या जागेला ते लागते: अनकॉम्पिटिटिव्ह बाजार, निवडणूक, निविदा, सामना. पहिल्यात उणेपणा धावणाऱ्याचा आहे, दुसऱ्यात मैदानाचा. इंग्रजी वाचकाला पुढच्या नामावरून हे कळते. मराठी अनुवादक मात्र दोन्हीकडे ‘अस्पर्धात्मक’ लिहून मोकळा होतो, आणि मग वाचणाऱ्याला धावणारा लंगडा होता की शर्यतच लागली नव्हती, हे कळायला मार्ग उरत नाही.

हा फरक मला कोशातून नव्हे, तर आपल्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यात उमगला. ज्यांनी सौदा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. राजापुरी हळदीचे ढीग ओळीने लागलेले असतात. हळकुंड वेगळे, गड्डा वेगळा, कणी वेगळी. खरेदीदारांचा घोळका एकेका ढिगापाशी थांबतो. एखादा खाली वाकून हळकुंड उचलतो, मोडतो आणि मोडलेल्या जागी आतला रंग पाहतो; कोणी ते नाकाशी नेतो. मग अडत्याचा पुकारा सुरू होतो आणि भाव चढू लागतो. एकेकाळी हाच व्यवहार रुमालाखाली बोटे दाबून होत असे आणि ज्याची हळद, त्यालाच भाव कसा ठरला हे दिसत नसे; उघड लिलाव आला तो त्यावर उपाय म्हणून. त्या दिवशी माझ्या शेजारी उभे असलेल्या एका शेतकऱ्याने दोन ढिगांबद्दल दोन वाक्ये उच्चारली. पहिल्याबद्दल तो म्हणाला, “ही हळद शेजारच्या ढिगापुढं टिकली नाही.” दुसऱ्याबद्दल म्हणाला, “ह्याला मागणारंच कोण नव्हतं, बोली चढलीच नाही.” इंग्रजी बातमीदाराने दोन्ही ठिकाणी एकच विशेषण वापरले असते. पहिल्या वाक्यातला शेतकरी पुढच्या वर्षी बियाणे, शिजवणे, पॉलिश यांकडे लक्ष देईल. दुसऱ्या वाक्यातला शेतकरी कितीही उत्तम हळद आणो, घोळक्यात चार खरेदीदार वाढल्याशिवाय त्याचे काम होणार नाही. दुखणे दोन प्रकारचे आहे, आणि उपायही दोन प्रकारचे आहेत.

आता पहिल्या अर्थाकडे पुन्हा वळतो, कारण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. हे विशेषण वस्तूच्या अंगचा गुण सांगत असल्यासारखे दिसते. ‘जड’, ‘कडू’ किंवा ‘ठिसूळ’ म्हणावे तसे. प्रत्यक्षात ते नाते सांगते. कोणापुढे, कोणत्या बाजारात, कोणत्या दिवशी, हे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही. 1991 सालच्या जुलै महिन्यात, 1 आणि 3 तारखेला, रुपयाचे दोन टप्प्यांत मिळून सुमारे 18 ते 19 टक्के अवमूल्यन झाले. जूनच्या अखेरीस परदेशी बाजारात ज्या भारतीय मालाला अनकॉम्पिटिटिव्ह म्हटले जात होते, तोच माल, त्याच यंत्रावरचा, त्याच कामगारांच्या हातचा, आठवडाभरात डॉलरच्या हिशेबाने स्वस्त झाला. मालात तिळभर फरक पडला नव्हता. फरक पडला तो हिशेबाच्या एककात.

साखरेचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. कृष्णा-वारणेच्या काठची साखर गोडीत किंवा दाण्यात ब्राझीलच्या साखरेपेक्षा कमी नाही. पण उसाचा दर कायद्याने ठरतो, साखरेचा किमान विक्री दर 2019 च्या फेब्रुवारीपासून किलोला 31 रुपये झाला, आणि त्या काळात जागतिक बाजारातला भाव त्याच्या बराच खाली होता. म्हणून 2019-20 च्या हंगामात 60 लाख टन साखर बाहेर जावी यासाठी केंद्र सरकारला टनामागे 10,448 रुपयांचे साहाय्य जाहीर करावे लागले. ऊस आणि साखरेला मिळणाऱ्या अशा साहाय्याविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला 2019 च्या सुरुवातीलाच जागतिक व्यापार संघटनेत गेले होते, आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या मंडळाचा निर्णय भारताच्या विरोधात गेला. या सगळ्या वादात भारतीय साखरेला लावलेले विशेषण हेच होते. ते वाचून ऊस उत्पादकाने आपली शेती वाईट आहे असे समजू नये. आपल्या किमतीत काय काय मिसळले आहे आणि ते कोणी मिसळले, हे त्याने विचारावे. मराठीत आपण ‘निर्यात परवडत नाही’ असे म्हणतो, आणि हे क्रियापद मला त्या विशेषणापेक्षा प्रामाणिक वाटते, कारण ‘परवडत नाही’ म्हटल्याबरोबर ‘कोणाला?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

दुसऱ्या अर्थात मूल्यभावही बदलतो. इंग्रजीत एखाद्या निवडणुकीला अनकॉम्पिटिटिव्ह म्हटले तर ती टीका असते: मतदाराला निवड करायला काही उरले नव्हते, असा तिचा रोख असतो. आपल्याकडे त्याच घटनेला ‘बिनविरोध’ म्हणतात आणि पेढे वाटतात. ग्रामपंचायत बिनविरोध झाली, सोसायटी बिनविरोध झाली, तर गावात एकोपा आहे असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि पुष्कळदा तो खरा असतो. गटबाजीने पोळलेल्या गावाला त्याची किंमत माहीत असते. परंतु 2021 च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाल्याचे समोर आले होते. एकोप्याने झालेले बिनविरोध आणि बोली लावून झालेले बिनविरोध निकालाच्या कागदावर सारखेच दिसते. म्हणून या संदर्भात अनुवाद करताना मी ‘बिनविरोध’ हा शब्द डोळे झाकून वापरत नाही. विरोधक असूनही निकाल आधीच ठरल्यासारखा असेल तर ‘एकतर्फी’ म्हणावे, आणि लढत झाली पण रंगली नाही तर ‘चुरस नव्हती’ म्हणावे. कुस्तीच्या फडाने तर आपल्याला याहून बारीक शब्द दिले आहेत. तोलामोलाच्या मल्लांची ती काटाजोड, आणि आतून ठरवून लढलेली ती नुरा कुस्ती. नुरा कुस्तीत घाम येतो, धूळ उडते, फक्त स्पर्धा नसते. निविदांच्या जगात जेव्हा तीन ठेकेदार आपसात ठरवून तीन दर भरतात, तेव्हा त्याला यापेक्षा नेमका शब्द मला इंग्रजीतही सापडलेला नाही.

इथे ‘अन’च्या शेजारी राहणाऱ्या दोन उपसर्गांचा उलगडा करणे भाग आहे. आत्ता सांगितलेली ठेकेदारांची मिलीभगत ‘अँटी-कॉम्पिटिटिव्ह’ होय, म्हणजे स्पर्धेला मारणारी कृती; भारताच्या 2002 च्या स्पर्धा अधिनियमाचे तिसरे कलम अशाच करारांविषयी आहे आणि संगनमताने बोली ठरवणे त्यात येते. कारखाना अनकॉम्पिटिटिव्ह असणे हा गुन्हा नाही, ते दुर्दैव असेल किंवा ढिलाई असेल. करार अँटी-कॉम्पिटिटिव्ह असणे मात्र बेकायदा आहे. मराठी बातम्यांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी आलेले मी पाहिले आहेत, आणि त्याने एखाद्याची अब्रू जाऊ शकते. ‘नॉन-कॉम्पिटिटिव्ह’ हा तिसरा शब्द बहुधा निर्मळ असतो: स्पर्धेबाहेरचा, एवढेच तो सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या सरकारी रोख्यांच्या लिलावात लहान गुंतवणूकदारांसाठी अधिसूचित, म्हणजे विक्रीसाठी जाहीर केलेल्या, रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंतचा हिस्सा नॉन-कॉम्पिटिटिव्ह बोलीसाठी ठेवता येतो. तिथे तुम्ही भाव सांगायचाच नसतो. मोठ्यांच्या बोलीतून जो सरासरी भाव निघेल त्याने तुम्हाला रोखे मिळतात. याला ‘स्पर्धेत न टिकणारी बोली’ म्हटले तर अर्थाचा पार विपर्यास होईल.

उपसर्ग बदलला की अर्थ किती काटेकोरपणे बदलू शकतो हे पाहायचे तर रसायनशास्त्राकडे जावे. विकर, म्हणजे एन्झाइम, ज्या रेणूवर काम करतो त्याच्यासाठी त्याच्या अंगावर एक जागा असते. विकराचे काम अडवणाऱ्या पदार्थाला रोधक म्हणतात. तीच जागा बळकावणारा रोधक कॉम्पिटिटिव्ह असतो. जागा रिकामी असो वा भरलेली, दुसरीकडेच चिकटणारा तो नॉन-कॉम्पिटिटिव्ह. आणि मूळ रेणू जागेवर बसल्यानंतरच जो चिकटू शकतो, तो अनकॉम्पिटिटिव्ह. शेतात वापरले जाणारे ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतल्या एका विकराला याच तऱ्हेने अडवते: त्या विकराला दोन रेणू लागतात, त्यांपैकी एकाच्या जागेसाठी ग्लायफोसेट भांडते, पण दुसरा आधी येऊन बसल्याशिवाय त्याला तिथे थारा मिळत नाही. म्हणजे एकच पदार्थ एका रेणूच्या संदर्भात कॉम्पिटिटिव्ह आणि दुसऱ्याच्या संदर्भात अनकॉम्पिटिटिव्ह आहे. ‘कोणापुढे?’ हा आपला प्रश्न प्रयोगशाळेतही पाठ सोडत नाही. आणि पाठ्यपुस्तकात ‘अन’ व ‘नॉन’ या दोन्हींसाठी ‘अस्पर्धी’ हा एकच शब्द छापला तर विद्यार्थ्याची गल्लत अटळ आहे.

माणसाला हे विशेषण लावतात तेव्हा मी सर्वांत जास्त अस्वस्थ होतो. माझ्या नात्यातल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात एका वर्षी त्याच्या शिक्षकांनी हाच शेरा लिहिला होता. त्याची आई तो वाचून दोन दिवस बेचैन होती, कारण तिने त्याचा अर्थ ‘हा इतरांपुढे टिकत नाही’ असा घेतला. भेटून विचारल्यावर कळले की शिक्षकांना म्हणायचे होते ते एवढेच, की मुलगा बुद्धिबळ तासन्‌तास खेळतो, पण स्पर्धेला नाव द्यायला सांगितले की राजी होत नाही. आपल्या भागात ‘ईर्षा’ हा शब्द चांगल्या अर्थानेही चालतो. ‘पोरगं ईर्षेनं खेळतं’ ही शाबासकी आहे. त्या मुलाला ईर्षा नव्हती, आवड होती. एवढे चार मराठी शब्द शेऱ्यात असते, तर त्या घरात दोन रात्री नीट झोप लागली असती.

फाउंड्रीच्या मालकांना मी त्या दिवशी खरेदीदाराच्या पत्राचा मराठी मसुदा करून दिला. त्यात ‘अस्पर्धात्मक’ हा शब्द नव्हता. “आपल्या मालाबद्दल आमची तक्रार नाही, आलेल्या दरपत्रकांमध्ये आपला दर वरचा असल्यामुळे या वेळी काम देता येत नाही,” असा तो होता. त्यांनी तो दोनदा वाचला, कास्टिंग पुन्हा पिशवीत ठेवले आणि विचारले, “किती वरचा, हे त्यांना विचारता येईल का?” आम्ही लगेच बसून तशी विचारणा करणारे पत्र इंग्रजीत लिहिले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. फरक किलोमागे थोडाच होता, आणि त्यातला बराचसा वाहतुकीचा होता.